भुताला नियम का असतात?

भुताच्या गोष्टीत ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष भुताच्या रूपाकडे असतं. केस मोकळे होते का, डोळे कसे होते, पाय कुठल्या बाजूला होते. मला मात्र लहानपणापासून दुसरीच गोष्ट जास्त चमत्कारिक वाटत आली आहे. जे भिंतीतून आरपार जातं, रात्री येऊन माणसाचा गळा दाबतं, त्याच्यापुढे मूठभर खसखस सांडली की ते मुकाट्याने एकेक दाणा मोजायला बसतं आणि मोजता मोजता उजाडतं! पूर्व युरोपात कित्येक ठिकाणी शवपेटीत खसखस टाकायचे ती याच भरवशावर. जपानच्या नदीतला कप्पा नावाचा जलराक्षस माणसाला पाण्यात ओढून नेतो, पण तुम्ही वाकून नमस्कार केलात तर तोही उलट वाकतो, त्याच्या टाळूवरच्या खळग्यातलं पाणी सांडतं आणि त्याची शक्ती संपते. हैतीच्या झोंबीला मीठ चालत नाही. एवढी ताकद, आणि त्याला अशी बारीकशी अट.

या अटी येतात कुठून? मला जे दिसतं ते असं. भूत माणसाच्या एखाद्या अगदी नेमक्या अडचणीतून जन्माला येतं आणि त्या अडचणीचा ठसा त्याच्या नियमांत राहून जातो. रूप सांगणारा रंगवतो, दर गावाला बदलतो. नियमाला सहसा कोणी हात लावत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या कामाचा तोच असतो. काय केलं म्हणजे ते येणार नाही, हेच तर त्याला हवं असतं. भुतं खरी की खोटी हा वाद इथे बाजूला ठेवू. काही भुतांचे नियम उलगडून मागची अडचण सापडते का, एवढंच बघू.

लेखी सापडणाऱ्या अगदी जुन्या नियमांपैकी एक अन्नाचा आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या मुलखात, माणूस मेल्यावर त्याचं जे काही मागे उरतं त्याला एटेम्मू म्हणत. गिल्गमेश या राजाच्या महाकाव्याच्या बाराव्या मातीच्या पाटीत गिल्गमेश आपल्या मेलेल्या मित्राला, एनकिडूला, पाताळातली एकेकाची खबर विचारतो. एकच मुलगा असलेला माणूस तिथे रडत बसलाय. सात मुलगे असलेला देवांच्या शेजारी आसनावर बसलाय. ज्याचं प्रेत रानात तसंच पडून राहिलं त्याला पाताळात स्वस्थता नाही. आणि ज्याच्या नावाने कोणी काही ठेवत नाही, तो भांड्यांची खरवड आणि रस्त्यावर फेकलेले तुकडे खातोय.

खरवड या शब्दाशी मी दर वेळी थबकतो. हजारो वर्षांपूर्वीच्या कुणा म्हाताऱ्याची भीती त्यात जशीच्या तशी आहे: माझ्यामागे माझं कोण करणार? तिथल्या कुटुंबांना पूर्वजांच्या नावाने ठरावीक दिवशी अन्नपाणी द्यावं लागे. त्यात खंड पडला की भूत वर येई आणि डोकेदुखी, कानात आवाज, ताप अशा रूपात हजर होई. वैद्य निदानच करीत, ‘भुताचा हात’ म्हणून.

ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे ३५०० वर्षांपूर्वीची एक छोटी मातीची पाटी आहे. एका बाजूला मजकूर, दुसरी बाजू कोरी वाटते. दिवा वरून विशिष्ट कोनात धरला की त्या कोऱ्या बाजूवर बारीक रेघा उमटतात. दाढीवाला, हाडकुळा, खिन्न चेहऱ्याचा पुरुष. त्याचे हात बांधलेले. आणि दोरी धरून त्याला पुढे नेणारी एक बाई. मजकुरात या भुताला घालवायचा विधी दिला आहे. पुरुषाची आणि बाईची मूर्ती करायची, त्याची प्रवासाची तयारी करून द्यायची, तिच्याबरोबर पलंग, खुर्ची, चटई, कंगवा द्यायचा आणि सूर्य उगवताना दोघांची पाठवणी करायची. म्हणजे या भुताचं दुखणं एकटेपणाचं होतं आणि घरच्यांनी त्याला चक्क संसार थाटून दिला. विधीच्या शेवटी सूचना आहे, मागे वळून पाहू नकोस.

दुसरा जुना नियम दफनाचा. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास एका पत्रात अथेन्समधल्या एका घराची हकीकत लिहिली आहे. मोठं, ऐसपैस घर, पण रात्री साखळ्या वाजायच्या आणि मग हातापायांत बेड्या असलेला एक म्हातारा दिसायचा. घर ओस पडलं. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ गावात आला, भाडं इतकं कमी कसं म्हणून त्याने चौकशी केली आणि खरं कळल्यावर तर ते घर मुद्दाम घेतलं. रात्री तो लिहीत बसला. साखळ्या वाजल्या, त्याने मान वर केली नाही. भूत दारात आलं आणि बोटाने बोलावू लागलं. याने हातानेच खूण केली, जरा थांब, आणि लिहिणं चालू ठेवलं. भुताने येऊन त्याच्या डोक्यावर साखळ्या वाजवल्या, तेव्हा कुठे तो दिवा घेऊन उठला. अंगणात एका जागी भूत नाहीसं झालं. त्याने तिथे गवत आणि पानं टाकून खूण केली. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांना सांगून ती जागा खणली, तर साखळ्यांत गुरफटलेली हाडं निघाली. रीतसर दफन झालं आणि घर शांत झालं.

दोन हजार वर्षांत घरातल्या भुताच्या गोष्टीने या सांगाड्याबाहेर फारसं पाऊल टाकलेलं नाही. स्वस्त भाडं, आवाज, बोलावणं, खणणं, हाडं. भाड्याचा तपशील तर अजून टिकून आहे. मात्र हे भूत कुणाला त्रास द्यायला आलेलं नाही, हे लक्षात घ्या. ते तक्रार नोंदवायला आलंय. आपण मराठीत ‘गत मिळाली नाही’ म्हणतो तीच ही अवस्था. चिनी परंपरेत चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात असे बेवारस, उपाशी आत्मे फिरायला बाहेर पडतात. त्यांच्यासाठी रस्त्याकडेला अन्न मांडतात, आणि करमणुकीच्या कार्यक्रमात पुढची रांग रिकामी ठेवतात. ती रांग त्यांची.

आता व्हॅम्पायर, म्हणजे थडग्यातून उठून जिवंतांचं रक्त पिणारा मेलेला. याच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण भुतांच्या इतिहासात इतका चांगला सरकारी कागद क्वचितच सापडतो.

आज आपल्या डोळ्यांसमोर येणारा उमदा, फिकट चेहऱ्याचा, किल्ल्यात राहणारा सरदार एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांनी घडवला. गावाकडचा मूळ व्हॅम्पायर वेगळाच होता. तो शेतकरी होता, चेहरा लालबुंद, अंगाने फुगलेला, आणि तो खानदानी पाहुण्यांकडे नव्हे, स्वतःच्याच घरच्यांकडे यायचा. १७१८ च्या तहानंतर सर्बियाचा मोठा भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला. नव्या अधिकाऱ्यांच्या कानावर विचित्र तक्रारी येऊ लागल्या. १७२५ साली किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला आणि पुढच्या आठ दिवसांत नऊ माणसं गेली, प्रत्येक जण जेमतेम दिवसभराच्या दुखण्याने. मरण्यापूर्वी त्यांनी सांगितलं की पेतार रात्री येऊन अंगावर पडतो आणि गळा दाबतो. त्याच्या बायकोने सांगितलं, तो माझ्याकडे जोडे मागायला आला होता. तिने गाव सोडलं.

गावकरी म्हणाले, थडगं उघडा, नाहीतर आम्हीही गाव सोडतो. ऑस्ट्रियन अधिकाऱ्याचा नाइलाज झाला. त्याने पाहिलं ते लिहून ठेवलंय: प्रेताला दुर्गंधी नाही, नाक थोडं बसलंय एवढंच, केस, दाढी, नखं वाढल्यासारखी, जुनी कातडी सोलून खाली नवी आलेली, आणि तोंडात ताजं रक्त. लोकांनी छातीत खुंटा ठोकला, तोंडातून आणि कानांतून रक्त वाहिलं, मग प्रेत जाळलं. हा अहवाल त्याच वर्षी व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला.

सहा-सात वर्षांनी मेद्वेजा गावात तसंच घडलं, तेव्हा लष्कराने डॉक्टर पाठवले. योहान फ्ल्युकिंगर या लष्करी शल्यवैद्याने जानेवारी १७३२ मध्ये एकामागून एक थडगी उघडून प्रत्येक प्रेताची नोंद केली. त्यात मिलित्सा नावाची साठीची बाई आहे. तिला तरुणपणापासून ओळखणारे गावकरी तिथे उभे होते. ते थक्क होऊन म्हणाले, ही जन्मभर काटकुळी होती, थडग्यात इतकी लठ्ठ कशी झाली?

व्हॅम्पायरचं कोडं या एका वाक्यात सुटतं. गावकरी खोटं बोलत नव्हते. त्यांनी पाहिलं ते बिनचूक होतं, चुकला तो अर्थ. मेल्यावर आतड्यांतले जंतू काम करतच राहतात, वायू तयार होतो आणि शरीर फुगतं. त्याच दाबाने फुप्फुसांतला आणि पोटातला गडद लाल द्रव तोंडानाकावाटे बाहेर येतो, म्हणून ‘तोंडात ताजं रक्त’. वरची कातडी सुटून खालचा लालसर थर दिसतो, म्हणून ‘नवी कातडी’. त्वचा आक्रसून मागे सरकते, त्यामुळे नखं आणि दाढी वाढल्यासारखी वाटते. खरंतर काहीही वाढत नाही. फुगलेल्या छातीत खुंटा मारला की अडकलेली हवा घशातून जोरात निघते आणि प्रेत कण्हल्यासारखा आवाज येतो. थंडीत, खोल मातीत हे सगळं फार सावकाश चालतं. त्यामुळे दोन प्रेतं शेजारी शेजारी, एक सडलेलं आणि एक ‘ताजं’, असं सहज होतं. फ्ल्युकिंगरनेही हा फरक लिहिलाय, कारण तेवढा सांगितला नाही.

उरला प्रश्न तो घरच्यांचाच. व्हॅम्पायर आधी नातलगांना का धरतो? कारण रोग आधी नातलगांना धरतो. एकाच घरात एक गेला, मग दुसरा, मग तिसरा. जंतू नावाची वस्तू माहीत नसलेल्या माणसाला या क्रमातून एकच निष्कर्ष काढता येतो: पहिला गेलेला बाकीच्यांना नेतोय. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला वैद्य गेरार्ड फान स्वीटेन याच्याकडे असंच एक प्रकरण सोपवलं, आणि त्याच्या सल्ल्यानंतर प्रेतं उकरणं, खुंटे ठोकणं, जाळणं यांवर बंदी घातली. पण नियम कायद्याने मरत नाहीत. १८९२ साली, क्षयाचा जंतू सापडून दहा वर्षं उलटल्यावर, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या एक्सेटर गावी मर्सी ब्राउन या मुलीचं प्रेत बाहेर काढलं. आई आणि बहीण क्षयाने आधीच गेल्या होत्या आणि भाऊ एडविन आजारी होता. मर्सी जानेवारीत गेलेली, भर थंडीत स्मशानातल्या कोठीत ठेवलेली, तेव्हा मार्चमध्ये तिच्या हृदयात रक्त दिसलं यात नवल काहीच नव्हतं. हृदय जाळलं, राख पाण्यात कालवून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला.

खसखशीचं म्हणाल तर तिच्यामागे मला दोन गोष्टी दिसतात. एक, खसखस अफूच्याच झाडाची, म्हणजे झोपेची वस्तू. दुसरी, मेलेल्याशी भांडून निभाव लागणार नाही. त्याला काम लावून रात्र काढायची. चिडलेल्या म्हाताऱ्याला घरात काहीतरी निवडायला बसवतात, तसलाच हा प्रकार.

बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत जितक्या भाषांत आहे, तितकं दुसरं कुठलंच नसावं. मराठीत अळवंतीण, हिंदीत चुडैल, मलाय मुलखात पोंतियानाक, जपानमध्ये उबुमे. याचं कारण शोधायला लांब जायला नको. आधुनिक वैद्यक येईपर्यंत तरुण, धडधाकट बाईला मरण येण्याचा सगळ्यात ठरलेला रस्ता हाच होता, आणि ते मरण घरात, सगळ्यांच्या कानांवर पडत, तासन् तास चालायचं. बाकीचे मेलेले काही ना काही मागे ठेवून जात. हिचं सगळंच अर्धं राहिलेलं.

पण नियम बघा, देशोदेशी किती वेगळे. पोंतियानाकच्या मानेत खिळा ठोकला की ती सुंदर, शांत बाई होते, संसार करते. खिळा निघाला की पुन्हा मूळ रूपात. पुरुषांनी रचलेली गोष्ट आहे, हे वेगळं सांगायला नको. बोर्निओ बेटावरच्या पोंतियानाक शहराचं नावच तिच्यावरून पडलं असं सांगतात. १७७१ मध्ये शहर वसवणाऱ्या सुलतानाने म्हणे तोफा डागून तिला तिथून पळवून लावलं. जपानी उबुमे मात्र कुणाचं रक्त पीत नाही. ती वाटसरूला थांबवते आणि म्हणते, जरा बाळाला धरा. मूल हातात घेतलं की ते जड, आणखी जड होत जातं.

तिथलीच आणखी एक गोष्ट आहे. मिठाईच्या दुकानात रोज रात्री एक फिकट बाई येते आणि एका नाण्याची गोळी घेऊन जाते. सहा रात्री येते. सातव्या रात्री म्हणते, आज पैसे नाहीत. दुकानदार तिच्या मागे जातो, ती स्मशानापाशी नाहीशी होते आणि जमिनीखालून बाळाचं रडणं ऐकू येतं. उकरतात तर मेलेल्या आईजवळ जिवंत मूल, हातात गोळी. सहाच रात्री का? जपानी रिवाजात मेलेल्याबरोबर परलोकाची नदी ओलांडायला सहा नाणी ठेवत. तिने उतराईचे पैसे मुलावर खर्च केले.

मेक्सिकोच्या अॅझ्टेक लोकांनी तर या बाईला योद्ध्याचा मान दिला होता. बाळंतपण ही लढाई, मूल हा पकडून आणलेला शत्रू. लढता लढता मेली ती रणात पडली. या स्त्रिया सिवातेतेओ, म्हणजे देवी, होत आणि रोज माध्यान्हीपासून मावळतीपर्यंत सूर्याला पोचवायला जात. पण ठरावीक दिवशी त्याच चौकाचौकांत उतरत आणि मुलांना बाधत, म्हणून त्या दिवशी मुलांना घराबाहेर सोडत नसत. अंत्ययात्रेवर तर खरोखरीचा हल्ला व्हायचा. तरुण सैनिक तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट आणि केस पळवायला टपलेले असत. ते ढालीला बांधले की शत्रू आंधळा होतो अशी समजूत होती. नवरा आणि सुइणी चार रात्री दफनाच्या जागी पहारा देत. मान आणि भीती एकाच बाईच्या वाट्याला कशी येते, याचं यापेक्षा उघड उदाहरण मला माहीत नाही.

झोंबीची गोष्ट सिनेमाने इतकी बिघडवली आहे की मूळ ओळखू येत नाही. हैतीच्या झोंबीला कुणी घाबरत नाही. तो कुणाला चावत नाही, त्याचा संसर्ग नाही, झुंडी नाहीत. तो मान खाली घालून दुसऱ्याच्या शेतात राबतो. बोकोर नावाचा मांत्रिक मेलेल्याला उठवतो आणि कामाला जुंपतो. भीती आहे ती आपण झोंबी होण्याची. हे कळायला हैतीचा इतिहास माहीत हवा. फ्रेंचांच्या ताब्यातल्या या वसाहतीत उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले सुमारे पाच लाख गुलाम होते. मरण हीच सुटका होती. आत्मा समुद्रापार गिनीला, म्हणजे घरी जातो अशी श्रद्धा. १७९१ मध्ये उठाव झाला, १८०४ मध्ये देश स्वतंत्र झाला. पण ज्यांच्या पूर्वजांनी ते मळे पाहिले, त्यांच्या लेखी सर्वांत भयानक कल्पना कोणती असेल? मेल्यावरही मुकादम सुटत नाही, ही. मिठाची अट इथेच बसते. झोंबीला आळणी अन्नावर ठेवतात. चुकून मीठ जिभेला लागलं की त्याला शुद्ध येते, आपण मेलोय हे कळतं आणि तो थडग्याकडे चालू लागतो. हैतीच्या दंडसंहितेच्या कलम २४६ मध्ये एकोणिसाव्या शतकात लिहिलं गेलं की, एखाद्याला मेल्यासारखी गुंगी आणणारा पदार्थ देणं हा विषप्रयोग, आणि त्या अवस्थेत त्याला पुरलं तर तो खून.

उलटे पाय हा आणखी एक जुना ओळखीचा नियम, आणि तो फक्त भारतातला नाही. ब्राझीलच्या जंगलातल्या कुरुपिराचेही पाय उलटे. जोझे दे अंशिएता या मिशनऱ्याने १५६० सालच्या पत्रात त्याचा उल्लेख केलाय. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सिग्वापा नावाची लांब केसांची बाई आहे, तिचेही तसेच. या गोष्टी एकमेकींकडून आल्या असाव्यात असं मला वाटत नाही. माग काढून जगणाऱ्या माणसाला पावलांचे ठसे म्हणजे अक्षरं. जंगलात वाट चुकली की त्याला वाटणार, अक्षरंच उलटी लिहिली होती. कुरुपिरा तर जरुरीपेक्षा जास्त शिकार करणाऱ्यालाच चकवतो.

पाण्यातल्या भुतांबद्दल फार बोलायला नको. ती बहुतेक आयांनी नेमलेली आहेत. इंग्लंडच्या लँकेशायरमधली हिरव्या दातांची जेनी म्हणजे डबक्यावर पसरणारी टिकलीएवढ्या पानांची हिरवी वनस्पती. वरून गवताची जमीन वाटते, पाय टाकला की मूल खाली. कप्पाचं चित्र जपानात आजही धोक्याच्या पाण्याकाठच्या पाट्यांवर दिसतं. एका वाक्याचा उपदेश मुलं विसरतात, हिरवे दात विसरत नाहीत.

घरातल्या भुतांच्या काही प्रकरणांत मात्र विज्ञानाला नेमका चोर सापडला आहे. १९२१ साली अमेरिकेतल्या नेत्रवैद्यकाच्या एका नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापून आली. मोठ्या जुन्या घरात राहायला गेल्यावर सगळ्यांची डोकी दुखू लागली, पावलं वाजू लागली, रात्री अनोळखी माणसं दिसू लागली आणि कुंड्यांतली झाडं सुकू लागली. झाडं सुकणं हा धागा. तळघरातली भट्टी बिघडली होती आणि कार्बन मोनॉक्साइड वायू घरभर पसरत होता. दुसरं प्रकरण इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं. विक टँडी या अभियंत्याला प्रयोगशाळेत एकटं असताना घाम फुटला आणि डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचं पातं दुरुस्तीसाठी पकडीत लावलं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. नव्याने बसवलेला पंखा सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा आवाज करत होता. त्याचा निबंध १९९८ मध्ये आला. पण पुढच्या प्रयोगांत सगळ्यांना तसा अनुभव आलेला नाही, तेव्हा प्रत्येक भुताचं खापर पंख्यावर फोडण्यात अर्थ नाही.

शेवटचं भूत मला स्वतःला भेटलेलं आहे, तेही दोनदा. पहाटे जाग आली. खोली रोजचीच, खुंटीवरचा शर्टही ओळखू येत होता. पण करंगळीसुद्धा हलेना. छातीवर कुणी बसल्यासारखं ओझं, ओरडावं तर आवाज नाही. आणि दाराशी कुणीतरी उभं आहे याची खात्री. दिसत काहीच नव्हतं, खात्री मात्र पक्की. मग अचानक पाय हलला आणि सगळं संपलं.

याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर आपण स्वप्नातल्यासारखे खरोखर धावू लागलो असतो. कधीकधी माणूस जागा होतो पण स्नायूंवरचा ताबा परत यायला थोडा उशीर होतो. डोळे उघडे, स्वप्न अर्धवट चालू, श्वासावर ताबा नाही. आयुष्यात एकदा तरी हे झालेले लोक साधारण ८ टक्के निघतात, म्हणजे प्रत्येक गावात काही जण. म्हणूनच याला प्रत्येक भाषेत नाव आहे. जपानीत कानाशिबारी, म्हणजे धातूने जखडणं. तुर्कीत काराबासान, दाबणारा काळा. चिनी लोक म्हणतात, भूत अंगावर दाबतंय. ब्राझीलमध्ये पिसादेइरा, छपरावर दबा धरून बसलेली लांब नखांची म्हातारी. भरल्या पोटी उताणं झोपलेल्याच्या छातीवर ती पाय देते. उताणं झोपल्यावर हा प्रकार जास्त होतो हे आता डॉक्टरही सांगतात. तिचा नियम लोकांनी अनुभवातून आधीच बांधला होता.

लाओसच्या डोंगरातले ह्मोंग लोक या भुताला दा चो म्हणतात. १९७५ नंतर युद्धातून पळालेली हजारो ह्मोंग कुटुंबं अमेरिकेत आली. १९७७ पासून त्यांच्यातले धडधाकट पुरुष रात्री झोपेत मरू लागले, १९८१ मध्ये सर्वांत जास्त. शेजारच्या देशांतून आलेले धरून काही वर्षांत आकडा शंभरावर गेला. सरासरी वय तिशीतलं, जवळजवळ सगळे पुरुष, शवविच्छेदनात काहीही सापडेना. पुढे, १९९२ मध्ये ब्रुगाडा सिंड्रोम या हृदयाच्या आनुवंशिक दोषाचं वर्णन झालं आणि आग्नेय आशियातल्या पुरुषांत तो जास्त आढळतो हे कळल्यावर बराच उलगडा झाला. तरी त्याच काळात, त्याच लोकांत, एवढे मृत्यू का, हे नुसत्या दोषाने सुटत नाही. ह्मोंग लोकांशी बोलून अभ्यास करणाऱ्यांच्या मते हृदयाच्या दोषावर भीतीचा भार पडला होता.

कारण दा चोचेही नियम आहेत. तो एकदा आला तर निभावतं. पुन्हा पुन्हा आला तर जीव घेतो. मधल्या वेळात घरच्यांनी शामान, म्हणजे भुताखेतांशी बोलणारा मांत्रिक, बोलवायचा, पूर्वजांना अर्पण करायचं, मग ते घराचं राखण करतात. अमेरिकेत कुटुंबं वेगवेगळ्या राज्यांत विखुरली होती, पुष्कळ जण चर्चमध्ये जाऊ लागले होते आणि जवळपास शामान नव्हता. दा चो तेवढा त्यांच्याबरोबर आला होता. काही पुरुष झोपायचंच टाळू लागले.